वाऱ्याची खिडकी

बसायची जागा या विषयात मला कुणी काही शिकवू नये, असं माझं परवापरवापर्यंत ठाम मत होतं. डोंबिवली ते व्हीटी अशी 32 वर्षं मी लोकलनं काढली आहेत. तिघांच्या बाकावर चौथा म्हणून टेकताना एक पाय वाटेत कसा रोवायचा, 'जरा सरकून घ्या' हे विनंती आणि धमकी यांच्या बरोबर मधल्या सुरात कसं म्हणायचं, दादरला कोण उतरणार हे त्याच्या बॅगेवरून कसं ओळखायचं, हे सगळं मला येतं. बसायला मिळावं म्हणून मी आधी उलटा कल्याणला गेलो आहे आणि तिथून बसून व्हीटीला आलो आहे.

या विद्येतलं सर्वोच्च पद म्हणजे खिडकी. खिडक्यांतही दोन जाती. एक नुसती खिडकी आणि दुसरी वाऱ्याची खिडकी. गाडी जाते त्या दिशेला तोंड करून बसलं की वारा थेट तोंडावर येतो. समोरच्या बाकावरचा खिडकीवाला बिचारा उलटा बसतो. त्याच्या वाट्याला फक्त मागे गेलेली स्टेशनं. आमच्या ग्रुपमधली दोन माणसं वाऱ्याच्या खिडकीवरून भांडली आणि 11 वर्षं एकमेकांशी बोलली नाहीत. रोज समोरासमोर बसून.

तर असा मी, मुलीकडे कॅलिफोर्नियात जायला म्हणून सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरलो आणि पार्किंगमध्ये पाहतो तर माझा दीड वर्षाचा नातू गुंडू गाडीत उलटा बसलेला.

तोंड मागच्या काचेकडे, पाठ रस्त्याकडे. खांद्यांवरून दोन, कमरेपाशी दोन आणि मांड्यांमधून एक अशा पट्ट्यांनी आवळलेला. आमच्या शाळेत गणित चुकलं की मास्तर भिंतीकडे तोंड करून उभं करायचे, त्याची मला आठवण झाली.

"यानं काय केलं?" मी मुलीला विचारलं.

"कुठे काय?"

"मग शिक्षा कसली?"

"बाबा, शिक्षा नाहीये. असंच बसवतात."

"अगं, पण उलटं बसून उलटी होईल की त्याला!" ही म्हणाली. हिची कोटी अभावित होती, त्यामुळे हसण्याचं धाडस कुणी केलं नाही.

"बाबा, तुम्ही पुढे बसा," जावई म्हणाले, "ऐसपैस."

गुंडूची सीट नेमकी माझ्या सीटच्या मागे होती. उलटी सीट जरा कललेली असते, तिला जागा जास्त लागते, म्हणून पुढची सीट पार पुढे ढकलून ठेवलेली. मी बसलो तेव्हा माझे गुडघे समोरच्या कप्प्याला टेकले आणि हनुवटी गुडघ्यांना टेकायचीच काय ती राहिली. 32 वर्षांच्या नोकरीनंतर मी सात समुद्र ओलांडून पुन्हा चौथ्या सीटवर बसलो होतो. सॅन मटेओच्या पुलावर उलटी झाली, पण ती मला. मान वळवून मागे नातवाशी बोबडं बोलत होतो. गुंडू समाधानानं खाडीचं पाणी बघत होता.

फ्रीमाँटला पोचेपर्यंत मी मनाशी निश्चय केला होता. सहा महिन्यांच्या मुक्कामात दुसरं काही जमो न जमो, या पोराचं तोंड पुढे करून जायचं. कारण विचाराल तर पोराला जग दिसावं हे. गुडघ्यांचा विषय मी कुठेही काढला नाही.

आपल्याकडे मूल जन्मल्यापासून फोनवर एक प्रश्नपत्रिका चालू होते. मान धरली का? पालथा पडला का? बसतो का? रांगतो का? दात किती? उत्तर काहीही द्या, पलीकडच्या घरातलं मूल आपल्या मुलाच्या पंधरा दिवस पुढे असतं. गुंडूच्या बाबतीत हे सगळे पेपर सुटले होते. आता मी सांगलीला मेव्हणीला गाडीतला फोटो पाठवल्यावर नवा पेपर आला. "अजून उलटाच बसतो का गं?" तिनं हिला विचारलं. आवाज असा, जणू पोरगं अजून बोलत नाही.

मग ही मुलीच्या मागे लागली. "अगं, मान तर त्यानं चौथ्या महिन्यातच धरलीय!"

"आई, मान धरणं वेगळं आणि धक्का सोसणं वेगळं. त्याचं डोकं बघ केवढं आहे अंगाच्या मानानं. मानेची हाडं अजून पक्की जुळलेली नसतात. गाडी समोरून आदळली की पुढे तोंड असलेल्याचं अंग पट्ट्यात अडकतं आणि डोकं पुढे फेकलं जातं. उलटं बसलं की डोकं, मान, पाठ सगळं सीटच झेलते."

"पण पाय? पाय किती दुमडलेत त्याचे!" मी 'पाय' म्हणालो. मनात 'गुडघे' होतं.

"तो मांडी घालून बसलाय बाबा. तुम्ही जेवायला बसता तसा. आणि पायाला प्लास्टर घालता येतं. मानेला काय घालणार?"

यावर मी प्रत्येक आजोबाच्या भात्यात असणारा शेवटचा बाण काढला. "तुला मी चेतकवर पुढे उभी करून नेत होतो. कुठला पट्टा होता तेव्हा? काही झालं का तुला?"

मुलीनं काही न बोलता हनुवटी वर केली. हनुवटीखाली अर्ध्या इंचाचा व्रण आहे. चेतकवर दळणाचा डबा पायांशी, डब्यावर ती उभी, फडके रोडवर म्हैस आडवी आली, मी ब्रेक दाबला आणि तिची हनुवटी स्पीडोमीटरच्या कडेवर आपटली. गेली 30 वर्षं मी हा व्रण 'लहानपणी पायरीवरून पडली' या सदरात टाकत आलो होतो. ही माझ्याकडे बघत राहिली. तिला म्हैस प्रथमच कळत होती.

दोन दिवस घरात माझ्याशी जरा जपूनच बोलणं चाललं होतं.

बाहेर मात्र मला पाठिंबा होता. तिथे लेक एलिझाबेथच्या काठी सकाळी भारतातले आजोबा फेऱ्या मारतात. फेऱ्या दोन आणि बाकावर बसणं तासभर. विषय तीन: गुडघे, मुक्कामाची उरलेली मुदत आणि नातवंडांची प्रगती. नागपूरचे एक निवृत्त इंजिनिअर आहेत. ते म्हणाले, "आमचा तर दुसऱ्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीच पुढे झाला." म्हणण्यात असा दिमाख, जणू पोरगं आयआयटीत गेलं. दुसऱ्या एकांनी थंडपणे सांगितलं, "आमचा मोठा नातू एक वर्षाचा झाला तेव्हाच पुढे बसला." नागपूरकर गप्प झाले. मी घरी येऊन हे दोन्ही निकाल मुलीला कळवले.

"मोठा नातू कधीचा आहे त्यांचा?"

"आता कॉलेजात जाईल म्हणाले. 2009 चा वगैरे."

"बरोबर. तेव्हा एक वर्ष आणि 20 पाउंड असंच सांगायचे. 2011 मध्ये इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं दोन वर्षं केलं. 2018 मध्ये वयच काढून टाकलं. म्हणे, सीटवर जेवढं वजन आणि उंची लिहिली आहे तिथपर्यंत मागेच तोंड राहू दे."

म्हणजे पोरं मोठी होत होती तसा नियमही मोठा होत होता. निवृत्तीचं वय सरकारनं असं दर थोड्या वर्षांनी पुढे ढकललं असतं तर मी अजून 8.13 च्या फास्टला लटकत असतो.

शिवाय कॅलिफोर्नियाचा 2017 पासून कायदाच आहे. दोन वर्षांच्या आतलं मूल मागे तोंड करूनच बसलं पाहिजे. सूट फक्त 40 पाउंड वजन किंवा 40 इंच उंची झालेल्यांना. मी हिशोब केला. 40 पाउंड म्हणजे 18 किलो. दीड वर्षात 18 किलोचं मूल पौराणिक मालिकेतल्या बालभीमाखेरीज मी पाहिलेलं नाही. तरी हिनं दुसऱ्या दिवसापासून गुंडूच्या वरणभातात तुपाचा चमचा वाढवला.

आपल्याकडेही कायदा आहे बरं का. 2019 च्या मोटार वाहन सुधारणेत 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर 1000 रुपये दंड सांगितला आहे. आमच्या ठाण्याच्या मुलानं सीट घेतलीसुद्धा. गेल्या दिवाळीत आम्ही त्याच्या गाडीनं नाशिकला गेलो तेव्हा त्या सीटमध्ये फराळाचे डबे होते, पट्टे लावून, कारण चिवडा सांडला असता. मूल हिच्या मांडीवर होतं.

शेवटचा आधार म्हणून मी स्वीडनला फोन लावला. माझा भाचा गोथेनबर्गला असतो. युरोपातला माणूस, तो तरी समजूतदारपणे बोलेल. तो म्हणाला, "मामा, इथे चार वर्षांपर्यंत उलटंच बसवतात."

"चार? मग काय मुंजही मागे तोंड करूनच लावणार का?"

तेव्हा कळलं की ही सगळी कल्पनाच मुळात त्यांची. तिथे बर्टिल अल्डमन नावाचे एक प्राध्यापक होते. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाचा जोर पाठीवर झेलायला उताणे बसतात, हे बघून त्यांना सुचलं की तान्ह्या मुलाचंही तेच करावं. 1964 साली व्होल्वोच्या गाडीत अशी पहिली सीट बसवून पाहिली. मी ही माहिती घरात सांगितली नाही. आपल्या बाजूचा साक्षीदार फुटला की त्याला कुणी पुन्हा पिंजऱ्यात बोलवत नाही.

राहता राहिली प्रत्यक्ष कृती. एका बुधवारी मुलगी ऑफिसला गेली होती, जावई वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होते, गाडी गॅरेजमध्ये होती. मी हिला म्हटलं, "चालवायची नाही. नुसती फिरवून बघू. पोराचा चेहरा कसा फुलतो बघ."

सीट फिरवणं म्हणजे मला वाटलं होतं, पाट उचलून दुसरीकडे तोंड करून ठेवण्यासारखं. तसं नसतं. आधी ती सोडवावी लागते. खाली गादीच्या फटीत दोन हूक असतात. ते फटीत जाताना दिसतात, सुटताना दिसत नाहीत. माझा हात मनगटापर्यंत आत गेला आणि तिथे तीन वाळलेली द्राक्षं, एक चमचा आणि अर्धी मारी बिस्किटं निघाली. हूक निघाला नाही. हिनं दुसऱ्या बाजूनं ओढलं, मी गुडघ्यानं दाबलं आणि सीट सुटली ती एकदम, माझ्यासकट.

मग कळलं की तोंड पुढे केलं की कलही बदलावा लागतो. पट्टेही. मागे तोंड असताना पट्टा खांद्याच्या रेषेत किंवा खांद्याखालून यायला हवा, पुढे तोंड असताना खांद्याच्या रेषेत किंवा वरून. शिवाय डोक्याशी एक तिसरा पट्टा निघतो, तो गाडीत मागे अडकवायचा. हे सगळं पुस्तिकेत होतं. पुस्तिका इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये होती आणि हिनं घाईत स्पॅनिश बाजू धरली होती.

तासाभरानं गुंडूला बसवलं. चष्मा पुसून मी समोर उभा राहिलो. जग बघायला मिळालेल्या बालकाचा फुललेला चेहरा टिपायला हिनं फोन धरला.

गुंडूनं समोर पाहिलं. समोर माझ्या सीटची पाठ होती. काळी, सपाट, तिच्या खिशात एक रिकामी पाण्याची बाटली. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मागची मोठी काच, जिच्यातून त्याला रोज झाडं, आभाळ आणि मुख्य म्हणजे मागून येणारे ट्रक दिसायचे, ती नाहीशी झाली होती. त्याचा ओठ पुढे आला. मग त्यानं असा सूर लावला की वर जावयांच्या मीटिंगमध्ये तो टेक्सासपर्यंत ऐकू गेला, असं नंतर कळलं.

त्याला सोडवावं तर बकल उघडेना. मधलं लाल बटण पोरांना दाबता येऊ नये म्हणून कडक करतात. ते आजोबांनाही दाबता येत नाही. माझा अंगठा, हिचा अंगठा, मग माझ्या अंगठ्यावर हिचा अंगठा. शेवटी जावई धावत खाली आले, त्यांनी एका बोटानं टक् केलं आणि पोराला उचललं. तोंडावर काही बोलले नाहीत. जावई माणूस सासऱ्याला काय बोलणार? पण सीट तशीच उचलून कोपऱ्यात ठेवली आणि संध्याकाळपर्यंत गॅरेजचं बटण दाबायचा रिमोट मला सापडला नाही.

शनिवारी आम्ही सगळे हायवे पेट्रोलच्या कचेरीत. तिथे आधी वेळ घेतली तर मुलांची सीट नीट बसवली आहे का ते फुकट तपासून देतात. माझ्या डोळ्यांपुढे पोलीस चौकी. मी पासपोर्ट, व्हिसा, परतीचं तिकीट आणि लग्नपत्रिकेची झेरॉक्स अशी फाइल घेतली होती. प्रत्यक्षात एक हसतमुख बाई आल्या आणि थेट गाडीत गुडघे टेकून कामाला लागल्या.

सीट मी वरून धरून हलवून दाखवली. "बघा, किती हलते!" त्या म्हणाल्या, वरून नाही, पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा, तिथे एका इंचापेक्षा जास्त हलायला नको. मग गुंडूला बसवून त्यांनी खांद्यावरच्या पट्ट्याला चिमटा काढला. पट्टा चिमटीत आला तर सैल, निसटला तर बरोबर. आमच्या मास्तरांचा चिमटा कधी निसटला नाही. आम्ही सगळे सैल होतो. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत हवी. आम्ही ती लावली होती करगोट्याच्या जागी. शेवटी त्यांनी हिनं विणलेल्या जाड स्वेटरकडे बोट दाखवलं. जाड कपड्यावरून आवळलेला पट्टा आतून ढिलाच राहतो, आधी पट्टे बांधा आणि मग वरून पांघरूण घाला, असं त्या म्हणाल्या. हिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की अमेरिकेशी भारताचे संबंध बिघडले आहेत.

"पुढे तोंड कधी करायचं?" मी एवढं इंग्रजी जुळवून विचारलं.

"तुम्हाला घाई आहे का?" त्यांनी विचारलं.

परत येताना मुलगी गाडी चालवता चालवता म्हणाली, "बाबा, एक सांगा. मोटरमननं कचकन ब्रेक मारला की कोण पडायचं?"

"मी," मी म्हणालो. "वाऱ्याच्या खिडकीवाले सगळे. समोरच्याच्या मांडीवर."

"आणि समोरचा? तो उलटा बसलेला?"

"तो पेपर वाचत राहायचा."

हे मी बोलून गेलो आणि मग मलाच ऐकू आलं. 32 वर्षं तो मनुष्य माझ्यासमोर पाठ टेकून पेपर वाचत होता आणि मी परळच्या अलीकडे त्याच्या अग्रलेखावर जाऊन पडत होतो, तरी मला त्याची कीव येत होती.

ऑक्टोबरात गुंडू दोन वर्षांचा झाला. कायद्यानं मोकळा झाला. हिनं भारतीय दुकानातून नारळ आणून ठेवला होता. सीट फिरवताना फोडायचा. सांगलीची मेव्हणी व्हिडिओवर हजर होती. जावयांनी वजन केलं: 27 पाउंड. भिंतीशी उभं करून उंची घेतली: 34 इंच. डोक्याच्या वर सीटचा एक इंच तरी राहायला हवा. चांगले तीन राहत होते. सीटच्या कडेला मागे तोंड करून 40 पाउंडांपर्यंत असं छापलेलं. मुलीनं सगळ्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"राहू दे," मी म्हणालो. "आभाळ दिसतं त्याला."

मेव्हणीनं फोन ठेवला. नारळाची बर्फी झाली.

गुडघ्यांचा प्रश्न मी वेगळ्या मार्गानं सोडवला. पुढची सीट हिला दिली. तिची उंची पाच फूट. मी मागे गुंडूशेजारी. मी पुढे बघायचो, तो मागे, त्यामुळे आम्ही जवळजवळ समोरासमोर यायचो. लिव्हरमोरच्या देवळात जाताना हायवे 680 वर त्यानं मला मागून येणारे ट्रक दाखवले आणि मी त्याला पुढे गेलेले.

निघायच्या दिवशी विमानतळावर गाडी दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबू देत नाहीत. बॅगा उतरल्या, नमस्कार झाले, मुलीनं डोळे पुसले आणि मागून हॉर्न वाजला म्हणून दोघं आत बसली. गाडी निघाली. पुढे बघून चालवणाऱ्या जावयांना आणि मुलीला आम्ही दिसत नव्हतो.

"अहो, हात हलवा," ही म्हणाली. "तो बघतोय."

वळणापर्यंत मागच्या काचेत त्याचा हात दिसत होता. हातात बर्फी होती.